अडतीस आत, अडतीस बाहेर

कमलताई राऊतांबद्दल आमच्या कॉलेजात आता दोनच प्रकारची माणसं बोलतात. एक म्हणतात, बाई देवमाणूस होती. दुसरी म्हणतात, बाईमुळे पोरगी गेली. मला दोघांचाही सारखाच राग येतो, कारण दोघांनाही बाई माहीत नाहीत. मला माहीत होत्या. नऊ वर्षं मी त्यांच्याशी भांडले. माणूस ओळखायला भांडणासारखं दुसरं काही नाही, आणि मी तर भांडखोर म्हणून सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध आहे.

पहिलं भांडण किटलीवरून झालं. मी नाशिकहून इथे केमिस्ट्री शिकवायला आले तेव्हा नायगावच्या फ्लॅटचा ताबा मिळायला अजून दीड महिना होता. तोवर मला मुलींच्या वसतिगृहातली पाहुण्यांची खोली दिली होती. वसतिगृह वसईच्या पूर्वेला, चांदीपकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तीन मजले, साठ मुली, तीन बाजूंना भातशेती. कमलताई तिथल्या रेक्टर. दुसऱ्याच दिवशी मी वर्ग आटपून आले तर माझी विजेची किटली गायब! टेबलावर चिठ्ठी: ‘किटली माझ्याकडे आहे. चहा हवा असेल तेव्हा खाली यावे. क. राऊत.’ मी तणतणत खाली गेले.

“मी विद्यार्थिनी नाही, प्राध्यापक आहे,” मी म्हटलं.

“बरोबर आहे, मॅडम,” त्या म्हणाल्या. “पण ते वायरीला कुठे कळतं?”

आणि माझ्यापुढे चहा ठेवला. गवती चहा घातलेला, निर्मळच्या त्यांच्या वाडीतला. मी चिडून प्यायले, पण प्यायले. पुढचे दीड महिने रोज तिथेच प्यायले, आणि फ्लॅटवर राहायला गेल्यावरही ती सवय काही सुटली नाही.

ठेंगणी बाई, पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. नवरा लवकर गेला होता. निर्मळला भावाची केळीची आणि फुलांची वाडी होती. पंधरा दिवसांतून एकदा तिकडे जायच्या आणि सोमवारी सकाळी भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून परत यायच्या, मांडीवर केळ्यांची फणी, अंबाड्यात सोनचाफा. भावाशी फोनवर घरच्या बोलीत बोलायच्या, त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही. आमच्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ बोलायच्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

दिवसातून तीनदा त्यांची फेरी असे. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खोलीत जाऊन स्विचबोर्डाला हात लावायचा. तोही तळहात नाही, मागची बाजू. लहान मुलाचा ताप बघतात तसा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “आमची आई निजायच्या आधी चुलीतल्या राखेवर असा हात धरायची. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला काय कळणार? मागची बाजू खरं सांगते.” एकदा त्यांनी दुपारच्या फेरीत एक बोर्ड गरम आहे म्हणून सगळ्या मजल्याची वीज बंद करवली. इलेक्ट्रिशियन आला, वैतागला, बोर्ड उघडला, आणि आतली वायर काळी पडलेली बघून गप्प झाला. कमलताई त्याला काही बोलल्या नाहीत. त्याच्यापुढेही चहाच ठेवला.

“आग बाहेरून येत नाही गं,” असं त्या मुलींना सांगायच्या. “ती घरातच निजलेली असते. तुम्ही तिला उठवू नका म्हणजे झालं.”

मुली उठवायच्याच. मुलीच त्या. बादलीत पाणी तापवायच्या कॉइली, मॅगी करायच्या शेगड्या, चार-चार चार्जर लावलेले एक्स्टेन्शन बोर्ड, उदबत्त्या. कमलताईंच्या खोलीत जप्त मालाची एक लोखंडी ट्रंक होती. पण नुसतं जप्त करून गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, आणि इथेच मी त्यांना मानलं. पहिल्या वर्षी थंडीत सात कॉइली सापडल्या तेव्हा त्या मुलींवर ओरडल्या नाहीत. निर्मळहून तांब्याचा जुना बंब घेऊन आल्या. मागच्या अंगणात तो मांडला आणि रोज पहाटे स्वतः पेटवायला लागल्या. वाडीतल्या झावळ्या, करवंट्या पोत्यांनी यायच्या. “पोरींना थंड पाण्यानं अंघोळ करा म्हणायचं आणि कॉइल लावू नका म्हणायचं, हे कसं चालेल, मॅडम? गरम पाणी दिलं की कॉइल आपोआप जाते.” संस्थेची आग प्रतिबंधाची एक जाडजूड पुस्तिका आहे. त्यात हे एक वाक्य नाही.

दुसरा त्यांचा उद्योग म्हणजे सराव. महिन्यातून एकदा, कधी सकाळी, कधी संध्याकाळी, न सांगता. भिंतीवरची घंटा वाजली तर वाजायची, म्हणून त्या पितळी परात आणि लाटणं घेऊन जिन्यात उभ्या राहायच्या आणि बडवायला लागायच्या. मुलींनी त्यांचं नावच ‘परात’ ठेवलं होतं. केसाला तेल लावलेल्या, तोंडाला बेसन फासलेल्या, पुस्तकं छातीशी धरलेल्या अशा सगळ्या कुरकुरत अंगणात जांभळाखाली जमायच्या. मग कमलताईंचं भाषण, प्रत्येक वेळी तेच.

“वाट मोकळी असेल तर खाली या. काही घ्यायला थांबू नका, मोबाईलसुद्धा नाही. धूर असेल तर धुरात शिरू नका. खोलीत नाहीतर बाथरूममध्ये जा, दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीपाशी खाली बसा आणि वाट बघा. मी इथे मोजणार. एक जरी कमी पडली तरी मला कळणार, आणि मी माणसं पाठवणार. घाबरून धावायचं नाही. काय करायचं?”

“वाट बघायची!” साठ मुली एका सुरात. त्याचे व्हिडिओ करून मुली एकमेकींना पाठवायच्या. मीही ते बघून हसले आहे, खोटं कशाला बोलू.

मागच्या जिन्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. मागचा जिना उतरला की थेट शेत. काही पालकांनी तक्रार केली, की मुली तिथून कोणाला भेटायला जातात. संस्थेचे एक विश्वस्त आहेत. त्यांचं नाव मी घेत नाही, घेतलं तर तोंड खराब होईल. ते एका दुपारी नवंकोरं कुलूप घेऊन आले. कमलताई मागच्या दारात खुर्ची टाकून वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“उठा राऊतबाई, हे दार आजपासून बंद,” विश्वस्त म्हणाले.

“लावा कुलूप,” त्या म्हणाल्या. “पण मला आत ठेवून लावा, आणि किल्ली घेऊन तुम्ही घरी जा.”

“मुली पळाल्या तर जबाबदार कोण?”

“पळालेली मुलगी परत आणता येते, साहेब.”

त्या उठल्या नाहीत. शेवटी साहेब कुलूप खिशात घालून निघून गेले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं कमलताईंची संध्याकाळची खुर्ची मागच्या दारातच असे. मुलींवर लक्षही राहिलं आणि दारही उघडं राहिलं.

आता चपलांचं सांगते. ते सांगायला जिवावर येतं.

आधी मुली आपापल्या खोलीबाहेर चपला काढायच्या. एका सरावात एक मुलगी त्या ढिगात पाय अडकून जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली. कमलताईंनी त्याच आठवड्यात सुतार बोलावला आणि खालच्या दारापाशी साठ खणांचं फळ्यांचं कपाट करून घेतलं. प्रत्येकीचा एक खण. बाहेरच्या चपला तिथेच काढायच्या, वर सगळ्यांनी अनवाणी. नियम उत्तमच होता. वाट मोकळी राहिली, जिने मोकळे राहिले.

पण झालं काय, की रोज ते कपाट बघून बघून कमलताईंना साठ जोड पाठ झाले. कोणाचा पट्टा निळा, कोणाची टाच आतून झिजते, कोणी सेफ्टी पिन लावलीय. इथल्या बहुतेक मुली वाडा, विक्रमगड, जव्हारकडच्या. त्यांच्याकडे बाहेर घालायचा जोड एकच. त्यामुळे खण रिकामा म्हणजे मुलगी बाहेर. बाहेर जाताना सही करायचं रजिस्टर होतं, पण मुली एकमेकींच्या सह्या ठोकायच्या. कमलताई रजिस्टरकडे बघायच्याच नाहीत. “रजिस्टर खोटं बोलतं, मॅडम. चपला खोटं बोलत नाहीत.”

मी भांडले. म्हटलं, ताई, माणसं मोजायची की पादत्राणं? तर म्हणाल्या, घ्या परीक्षा. कपाटावरून एक नजर फिरवली आणि पाठ फिरवून कोण कोण बाहेर आहे ती नावं सांगितली, सतरा. मी वर जाऊन खोलीखोलीत बघून आले. एकही चूक नव्हती. मी तोंडात बोट घातलं. इतकंच नाही, मी तेव्हा वसतिगृह समितीवर होते, तिच्या अहवालात मी या पद्धतीचं कौतुक लिहिलं. माझ्या अक्षरात आहे ते अजून.

तो रविवार दिवाळीच्या सुट्टीनंतरचा. मुली नुकत्याच परतल्या होत्या. मी जर्नलं तपासायला कॉलेजात आले होते आणि तीनच्या सुमाराला चहाला कमलताईंकडे बसले होते. कप तोंडाशी नेता नेता त्या थांबल्या.

“काहीतरी जळतंय,” म्हणाल्या.

मला काहीच वास येत नव्हता. त्या परात घेऊन जिन्यात पोचल्यासुद्धा. दुसऱ्या मजल्यावर एका मुलीनं गादीखाली एक्स्टेन्शन बोर्ड ठेवला होता, त्याला लॅपटॉप आणि दोन मोबाईल लावले होते, आणि ती बाहेर गेली होती. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा दिसला तो फक्त धूर, काळा, कॉरिडॉरच्या छतावरून सरकत येणारा. मुली उतरायला लागल्या. धक्काबुक्की नाही, किंचाळणं नाही. मी आयुष्यात इतकी शिस्त पाहिलेली नाही. कोणी पुढच्या जिन्यानं आल्या, आणि चौदा जणी मागच्या जिन्यानं. ते दार बंद असतं तर त्या चौदाजणींचं काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही.

जांभळाखाली रांगा लागल्या. कमलताई एकदा दारापर्यंत गेल्या, कपाट बघून आल्या आणि मोजायला लागल्या. प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून मोजत होत्या. बावीस खण रिकामे, म्हणजे अडतीस आत होत्या. अंगणात मोजल्या तर अडतीसच. त्यांनी पुन्हा मोजल्या. अडतीस.

एका मुलीनं विचारलं, “दर्शना कुठाय?”

दुसरी म्हणाली, “ती अश्विनीबरोबर गेली असेल. त्या दोघी जोडीनंच जातात ना.”

“दर्शनाचा खण रिकामा आहे,” कमलताई म्हणाल्या. “ती बाहेर आहे.”

अग्निशमनची गाडी आली. पुढचा जवान उडी मारून उतरला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, “आत कोणी आहे का?”

“कोणी नाही,” कमलताई म्हणाल्या. “अडतीस आत होत्या, अडतीस बाहेर आल्या. मोजल्यात.”

“नक्की?”

“नक्की.”

मी त्यांच्या शेजारी उभी होते, हातभर अंतरावर. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला, अगदी ऊर भरून आला. असलं ठाम उत्तर किती जणांना देता आलं असतं?

आत कोणी नाही म्हटल्यावर ती माणसं जशी रीतीनं काम करतात तशी करायला लागली. वीज तोडली, खिडक्यांतून पाणी मारलं, जिन्यातून सावकाश वर सरकली. घाई करायचं कारणच नव्हतं. वीसेक मिनिटं गेली. मग फाटकातून अश्विनी धावत आली, हातात पिशवी. धूर बघून रडायलाच लागली. कमलताईंनी तिला जवळ घेतलं आणि सवयीनं त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली.

“ह्या कोणाच्या?” त्यांनी विचारलं.

“दर्शनाच्या, ताई. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून तिनं दिल्या. माझ्या शिवायला म्हणून वर नेल्या होत्या, पलंगाखाली पडल्यात. ती म्हणाली, मी डोक्यावरून अंघोळ करणार आहे, मला कुठे जायचंय... दर्शना कुठाय, ताई?”

त्यानंतर कमलताई जे ओरडल्या ते त्यांच्या घरच्या बोलीत होतं. मला शब्द कळले नाहीत. त्या दाराकडे धावल्या. तीन माणसांनी त्यांना धरलं, तरी ओढून नेत होत्या.

दर्शना दुसऱ्या मजल्याच्या टोकाच्या बाथरूममध्ये सापडली. त्या टोकाला जिना नाही. जळती खोली तिच्या आणि दोन्ही जिन्यांच्या मधे होती. तिनं दार लावून घेतलं होतं. फटीत ओला टॉवेल नीट कोंबला होता, एक बोटभरही जागा सोडली नव्हती. आणि खिडकीखाली, जमिनीवर बसली होती. पण दाराच्या वरच्या झरोक्याला काच नव्हती, आणि धूर तिथून आला. तिला जेमतेम एकोणिसावं लागलं होतं. दवाखान्यात नेताना वाटेतच गेली.

तिला शिकवलं होतं ते सगळं तिनं केलं. वाट बघितली.

यानंतरच्या कमलताई मी फार सांगणार नाही. खाणंपिणं चालू होतं, बंब पेटत होता. वसतिगृह दुरुस्तीला बंद करून मुलींना दुसरीकडे हलवलं तिथेही गेल्या. सकाळ-संध्याकाळ खोलीखोलीत जाऊन प्रत्येकीचा चेहरा धरून बघायच्या, नाव घ्यायच्या, मग पुढच्या खोलीत. मुली त्यांना बिचकायला लागल्या होत्या. संस्थेनं चौकशी समिती नेमली. कमलताईंनी समितीपुढे सरळ सांगितलं, “जवानानं विचारलं आत कोणी आहे का, मी नाही म्हटलं. म्हणून त्यांनी शोधलं नाही. पोरगी जिवंत होती.” ते कुलूपवाले विश्वस्त लिहून घेत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “राऊतबाई, तुम्हाला धक्का बसलाय.” अहवालात आलं: शॉर्टसर्किट. धुराची तीव्रता. विद्यार्थिनी झोपेत असताना गुदमरून मृत्यू. तिच्या आईवडिलांनाही तसंच सांगितलं गेलं, की झोपेत गेली, काही कळलं नाही तिला.

समितीनं मलाही बोलावलं होतं. मी काय सांगितलं? सांगितलं, की फार गोंधळ होता, कोण काय बोललं ते नीट आठवत नाही. भांडखोर म्हणवते मी स्वतःला! कप्पाळ माझं. मला वाटत होतं मी कमलताईंना वाचवतेय. त्यांना ते कळलं तेव्हा त्या माझ्याशी भांडल्यासुद्धा नाहीत. पहिल्यांदाच.

मार्च महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला.

“मॅडम, मी दर्शनाच्या घरी जातेय. तुम्ही चला.”

“ताई, कशाला? त्यांना काय वाटेल? झोपेत गेली म्हणून त्यांना तेवढं तरी समाधान आहे.”

“ते खोटं समाधान आहे.”

“असू दे ना खोटं! कोणाचं काय बिघडतंय?”

त्या म्हणाल्या, “पोरगी माझ्या शब्दावर बसून राहिली, मॅडम. तिनं काही चूक केली नाही. चूक माझी. हे तिच्या बापाला कोणीतरी सांगायला नको? मी एकटी गेले तर म्हणतील बाईचं डोकं फिरलंय, समितीत तसंच म्हणालेत ते. तुम्ही ऐकलंत. तुम्ही चला.”

मी गेले. नाखुशीनं गेले, बस लागली म्हणून वाटेत त्यांच्यावर चिडचिडही केली. वाड्याच्या पुढे आत एक गाव, चार-पाच घरं एकाला एक लागून. उन्हानं माती तापलेली. दर्शनाचे वडील ओट्यावर बांबूच्या कांब्या सोलत बसले होते. ओळखलं त्यांनी. कोयता बाजूला ठेवला, चटई टाकली, पाणी आणलं.

कमलताई चटईवर बसल्या नाहीत. त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सांगितलं. आग कशी लागली, मुली कशा उतरल्या, त्यांनी कशा मोजल्या, जवानानं काय विचारलं, त्या काय बोलल्या. चपलांचं सांगितलं. टॉवेलचं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, आणि ‘माफ करा’ असंही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या रडतील. रडल्या नाहीत.

वडील खाली बघून ऐकत होते.

“आमाला सांगितलं, झोपेतच गेली,” ते म्हणाले.

“नाही,” कमलताई म्हणाल्या. “जागी होती.”

“मंग ती... तुमची वाट बघत व्हती?”

“हो.”

त्यांनी कोयता उचलला. त्यांनी तो उचलून नुसता दुसऱ्या बाजूला ठेवला.

“चार महिने मी हिच्या आयेला तेच सांगतोय,” ते म्हणाले. “झोपेत गेली, कायबी दुखलं नाय तिला. त्याच्यावरच ती दोन घास खाते. आता मी काय सांगू तिला? माज्याच्यानं नाय होनार, बाई. तुमीच आत जा. तुमीच सांगा.”

मला वाटलं कमलताई मोडतील. इतकं पुरे होतं, इथे थांबता आलं असतं. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, “ताई, चला आता, झालं.” त्यांनी माझा हात सोडवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वाकून आत गेल्या.

ओट्यावर आम्ही दोघंच उरलो.

“तुमी तेव्हा तिथंच होतात?” वडिलांनी मला विचारलं.

“हो.”

“ह्या काय बोलल्या ते ऐकलंत?”

“हो.”

“मंग चार महिने तुमी कुठं होतात?”

मी साठ पोरींना आणि अख्ख्या स्टाफला तोंडावर सुनावणारी बाई. त्यांनी उत्तराची वाट बघितली, मग मान वळवली.

आतून कमलताईंचा आवाज यायला लागला, सावकाश, एकेक शब्द सुटा. मग आईचा. ते रडणं नव्हतं, काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी धडपडून उठले, त्यांना बाहेर काढायला.

“बसा,” वडील म्हणाले. “सांगू द्या.”

मी दारातच थांबले. आत काळोख होता, चुलीजवळ दोघी समोरासमोर बसल्या होत्या. आई दोन्ही मुठींनी कमलताईंच्या खांद्यावर, छातीवर मारत होती, आणि कमलताईंनी हात आडवा धरला नव्हता. अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते, तेही बाजूला केले नव्हते. मार बसला की शब्द तुटायचा, तो पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या आणि पुढे जायच्या. अश्विनी फाटकातून धावत आली, तिथपर्यंत त्या पोचल्या होत्या. पुढचं अजून सांगायचं होतं.